माळावरची रेघ

सडक आली की तो सायकलीवरून उतरायचा. दोन्हीकडं बघायचा, गाडी येत नाही याची खात्री करायचा, मग वाकून सायकल उचलायचा, खांद्यावर घ्यायचा आणि चालत सडक ओलांडायचा. पलीकडं मुरूम लागला की ती अलगद खाली ठेवायचा आणि बसून निघायचा. त्याचं चाक डांबराला लागलेलं मी कधी बघितलं नाही. मोटरसायकलवाली पोरं मुद्दाम थांबून विचारायची, "काका, सायकल बिघाडली व्हय?"

"सायकल चांगली हाय," तो म्हणायचा. "सडक बिघाडलीया."

त्याला सगळे डायवर म्हणायचे. मीही तेच म्हणायचो. सगळा जन्म सरकारी लाल गाडी चालवण्यात गेलेला, त्यामुळं निराळ्या नावाची गरज कुणाला पडली नाही. गाव त्याचं खाली कृष्णाकाठाला, उसाच्या मुलखात. मी कडेगावच्या वरच्या अंगाचा, माळावरचा. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आता थोडी शेती आहे आणि थोडी मेंढरं. शाळा मी दुसरीपर्यंत बघितली, तीही आतून कमी आणि दारातून जास्त. त्याचं मला काही वाटत नाही. जे लिहायचं ते मी माझ्या हातानं लिहितो आणि लिहिलेलं खोडत नाही.

सायकल जाड चाकांची होती. पुण्यातल्या पोरानं पोट कमी करायला घेतली होती. पोट राहिलं आणि सायकल जिन्याखाली पडली. डायवरनं ती गावाला आणली. अंगात नोकरीतली खाकी पँट, साखळीत अडकू नये म्हणून घोट्यापाशी सुतळीनं बांधलेली. डोक्यावर पांढरी टोपी आणि टोपीवर पोराचं पिवळं हेल्मेट. लांबून बघितलं तर पिकलेली पपई माळावरून पळत चाललीय असं वाटायचं.

आणि सवयी! आमच्या माळावर कोसभर माणूस नसतो. पवनचक्क्या फिरतात, त्याही स्वतःशीच. अशा जागी वळण आलं की हा हात बाहेर काढून दाखवायचा.

"कुनाला दाखवतूस रं?" मी एकदा विचारलं.

"कुनी मागं असंल तर?"

"मागं कुत्रं न्हाई."

"आज न्हाई," तो म्हणाला. "नेम सोडला आन् त्याच दिवशी आलं कुनी, म्हंजे?"

वाटेत त्यानं आपले थांबे ठरवले होते. एक करंजाच्या झाडाखाली, एक कालव्याच्या दारापाशी. तिथं उतरायचा, कुणी नसलं तरी जरा उभा राहायचा, इकडंतिकडं बघायचा आणि मगच पुढं निघायचा. सायकलीच्या घंटीला मात्र फडकं गुंडाळलेलं. पाखरं उडतात म्हणायचा. जन्मभर कर्णा वाजवलेला माणूस, म्हातारपणी त्याला आवाज नको झाला होता.

त्याची वाट मी तोंडपाठ सांगू शकतो, कारण त्यानं मला ती इतक्या वेळा सांगितली. नदीकाठाला पाणी पाजून पाजून खारी, चोपण झालेली जमीन आहे. पांढरी फटक, ऊस कधीच मेलेला, नुसता लव्हाळा आणि बगळे. तिच्यातून तो निघायचा. मग कालव्याच्या कडेचा मुरूम. मग सागरेश्वराच्या डोंगराखालचं रान, तिथं हरणं आडवी जातात. मग चढ संपला की आमचा माळ. कुसळं, दगड आणि सराटे. माझ्या बांधावरून पुढं, माझ्या पुतण्याच्या रानातून, मोठी सडक ओलांडून वरचं तळं. तिथवर जायचा आणि परत फिरायचा. दर सोमवारी.

सराट्याच्या काट्यानं चाक बसलं की माझ्याकडं यायचा. मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचा. मेंढरं बाजूला उभी राहून बघायची. एवढा वेळ त्यांनी माझंही कधी ऐकून घेतलं नाही. हवा भरताना मात्र कधी टणक भरायचा नाही. अंगठ्यानं दाबायचा, जरा सोडायचा, पुन्हा दाबायचा.

"ढिलं चाक वाट धरतंय, आबा," म्हणायचा. "टनक चाक नुस्तं वाटंसंगं भांडतंय."

हे तो माझ्याकडं बघून म्हणायचा. मी कळत नाही असं दाखवायचो.

आमची ओळख भांडणातून झाली. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी बांधावरच होतो.

"कुठं?"

"वर, तळ्याकडं."

"ही वाट चाकाची न्हाई. पायाची हाय."

आता जो आमच्या भागातला नाही त्याला हे सांगितलं पाहिजे. आमच्याकडं वाट कागदावर कमी आणि वापरात जास्त असते. माणसाचे पाय पडत राहिले तर ती पायवाट. चाक पडत राहिलं तर ती गाडीवाट. आज सायकल जाऊ दिली की उद्या छकडा येतो, परवा ट्रॅक्टर, आणि मग बांध शोधत बसा. उलट बाहेरचं कुणी बरेच दिवस गेलंच नाही तर वाट मेली. नांगर घालणाऱ्याला मग कुणी अडवत नाही. याला वहिवाट म्हणतात आणि तिच्यापायी आमच्यात डोकी फुटलेली आहेत. तेव्हा मी त्याला अडवलं ते बरोबरच केलं. आजही अडवीन.

तो माझ्याशी वाद घालायला लागला नाही. उतरला, सायकल उचलली, खांद्यावर घेतली.

"ह्ये काय?"

"पायानं चाललूय की. वज्जं हाय खांद्यावर, एवढंच."

आणि गेला. मला निरुत्तर करणारा माणूस मला सहसा आवडत नाही. हा आवडला, पण ते त्याला कळू दिलं नाही.

सबंध पावसाळा तो माझ्या बांधावर सायकल उचलून चालत राहिला. काळी माती पायाला ढेकळं धरायची, टोपीवरून पाणी गळायचं, पण चाक टेकवलं नाही. शेवटी मलाच बघवेना.

"टेकव की आता," मी म्हणालो.

"काय टेकवू?"

"चाक."

"बांध कुनाचा?"

"माझा."

"मग मालकानं नीट म्हनावं. डायवर, चाक टेकव, आसं."

मी पाठ फिरवून घरी आलो. मी काय त्याच्या गाडीतला उतारू होतो? पुढचा सोमवार आला तेव्हा म्हणालो तसं. तोंड दुसरीकडं करून म्हणालो, पण म्हणालो. त्यानं चाक टेकवलं आणि हात बाहेर काढून वळण दाखवलं.

तेव्हापासून माझा आठवडा सोमवारचा झाला. घरी माझ्याकडं कोण आहे? मंडळी देवाघरी गेली. थोरला गलाईच्या धंद्यात, लांब दक्षिणेत सोनं गाळतो. धाकटा पलटणीत. गावात माणसं आहेत, पण ती एक पाय गाडीवर ठेवून बोलतात. सोमवारी मी मेंढरं सोडायला बाहेर पडायचो आणि बांधावर रेघ बघायचो. चाकाची रेघ उमटलेली असली की कळायचं, डायवर वर गेला. उतरत्या उन्हाला परत येईल आणि चहा पिईल. जाताना तो मला हाक मारत नसे. थांबा परतीचा आहे म्हणायचा. मला हाक नको होती. रेघ पुरे होती. कधी ती सरळ असायची, कधी दगड चुकवून नागिणीसारखी. ती बघितली की दिवसभर कुणीतरी येणार आहे असं अंगात राहायचं. हे मी त्याला कधी बोललो नाही.

एकदा फक्त मी त्याच्याबरोबर तळ्यावर गेलो. तो म्हणाला, बसा मागं. मी म्हणालो, मी घोड्यावर बसलेल्या घराण्यातला आहे, मी कुणाच्या मागं बसत नाही आणि कुणाचं ओझं घेत नाही.

"आबा, हितं मागं बसाय जागाच न्हाई. मी मस्करी केली."

खरंच नव्हती. मी चाललो आणि तो माझ्या चालीनं सायकल हाकत आला. सायकल इतकी हळू चालवता येत नाही. दोनदा कुसळात आडवा झाला, पण उतरून चालायला तयार नाही. सडक आली, त्यानं सायकल खांद्यावर घेतली, आणि एका जीपवाल्यानं थांबून आमच्या दोघांचा फोटो काढला. कुठं फिरत असेल कुणास ठाऊक.

तळ्यात तेव्हा लांब पायाची गुलाबी पाखरं उतरली होती. डायवर काठावर बसला. मग सडकेकडं बोट केलं.

"त्या बाभळींच्या पल्याडनं माझी गाडी जायाची. काचंतनं ह्या पान्याची चमक दिसायची. एवढीशी. रोज वाटायचं, जरा उतरावं. पन हितं थांबा न्हवता."

"मग एखाद्या दिवशी थांबवायची की गाडी."

"आवं, मागं माणसं बसल्याली. त्यास्नी घरी जायाचं." मग म्हणाला, "आन् आता मला कुठं जायाचं न्हाई, तर थांबायला ह्यो सगळा माळ मोकळा."

ओल्या मातीत त्याच्या चाकाची रेघ पाण्यापर्यंत गेली होती. तिच्याकडं बघत तो म्हणाला, "त्या सडकंनं मी जल्मभर गेलो आन् आलो. तितं माझी एक रेघ दावा, आबा. डांबरावर कोन गेलं, कोन न्हाई, कायबी उमटत न्हाई. हितं बगा."

मी बघितलं. पाखरांचे पाय, मेंढरांचे खूर, माझ्या वहाणा आणि त्याची रेघ. चारी एका जागी.

पुढं केव्हातरी रेघ बदलली. मला त्याच्या आधी कळलं असेल. जिथं तो एका दमात चढायचा तिथं रेघेशेजारी पावलं दिसायला लागली. मग ती पावलं जवळजवळ पडायला लागली. मी एकदा चहा पिताना म्हणालो, "चढाला उतरतूस आजकाल."

"तुमी बगत हुता व्हय?"

"न्हाई. वाट बोलली."

तो कप फिरवत राहिला. "छातीत जरा भरून येतंय. पोराला सांगू नगा."

मी कशाला सांगतो? त्याच्या पोराला मी तोवर बघितलंही नव्हतं.

मग एका सोमवारी रेघ वर गेलेली होती आणि परत आलेली नव्हती. ऊन कलायला लागलं. मी चहाचं आधण ठेवलं, उतरवलं, पुन्हा ठेवलं. शेवटी मेंढरं कुडात घातली, काठी घेतली आणि रेघेवरून निघालो. करंजाच्या थांब्यापाशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलेला. पावलांनी माती दाबली होती. पुतण्याच्या रानात रेघ वाकडी, मग नुसती पावलं आणि ढकललेल्या चाकाची उथळ खूण. सडकेपाशी रेघ संपली. सकाळी त्यानं सायकल उचलली असणार.

सडकेच्या पलीकडं तो बसला होता. दगडावर, हेल्मेट मांडीवर, सायकल शेजारी आडवी. गाड्या मधून जात होत्या आणि तो एका गाडीआड जायचा, पुन्हा दिसायचा.

मी ओलांडून गेलो. "काय झालं रं?"

"उचलंना."

एवढंच म्हणाला. तोंड राखेसारखं. तळ्यावरून परतला तो दुपारीच इथं पोचला होता. सायकल गुडघ्यापर्यंत उचलायचा आणि हातातून सुटायची.

"मग कुनाला तर म्हनायचं."

"म्हनलं की. एक म्हनला, ढकला की काका, चार पावलाची तर सडक. दुसरा म्हनला, टेंपोत टाकतो. सायकल उचलून पल्याड ठिवा म्हनलं तर हसत्यात. माझ्या डोस्क्यावर परिनाम झालाय वाटतं त्यास्नी."

"न्हाई झाला?"

"झालाय," तो म्हणाला. "पन त्यो पयल्यापासनंच हाय."

मलाही म्हणता आलं असतं, ढकल. सूर्य बुडायला आला होता, माणूस आजारी होता, आणि डांबर म्हणजे काही विस्तव नव्हे. पण ज्यानं माझ्या बांधावर सबंध पावसाळा चाक टेकवलं नाही त्याला मी हे म्हणणार नव्हतो. मी माझी काठी त्याच्या हातात दिली. पुरातून कोकरू न्यायचं तर जसं घेतात, तशी सायकल मानेमागून दोन्ही खांद्यांवर घेतली. उभा राहिलो तेव्हा गुडघे वाजले. एक मोटार आमच्यासाठी थांबली. आत माणसं हसत होती. हसेनात का. डायवर माझ्या पुढं चालला, आणि सडकेच्या मधोमध त्यानं हात बाहेर काढून मोटारवाल्याला दाखवलं, थांब म्हणून.

पलीकडं मी सायकल टेकवली.

"आबा," तो म्हणाला, "तुमी कुनाचं वज्जं घेत न्हाई म्हनत हुता."

"गप चल."

त्या आठवड्यात त्याचा पोरगा पुण्याहून आला. चांगला होता पोरगा, वाईट बोलण्यासारखं काही नाही. डॉक्टरला दाखवून झालं, तपासण्या झाल्या, आणि बापाला घेऊन जायचं ठरलं. जाताना मोटार माझ्या दारापर्यंत आली, कारण सायकल त्या रात्रीपासून माझ्याकडंच राहिली होती. पोरगा म्हणाला, राहू दे इथंच, आता काय उपयोग. डायवर मोटारीतून उतरला नाही. काच खाली घेतली आणि माझा हात धरला.

"मी येनार हाय, आबा. वाट तेवढी ऱ्हाऊ दे."

"ऱ्हातीया," मी म्हणालो. शब्द दिला म्हणजे दिला.

आता ती वाट पुतण्याच्या रानातून जाते, हे मी सांगितलं आहे. कालव्याचं पाणी आल्यापासून त्याच्या डोळ्यांत द्राक्षबाग आहे. बागेला तारेचं कुंपण, आणि कुंपणाला मधून वाट चालत नाही. काही दिवस गेले आणि तो माझ्याकडं आला.

"आबा, ती तळ्याकडची वाट मोडतो म्हनतो. कोन येतंय हितनं आता?"

"मी येतूय की."

"तुमी घरचं. तुमचं पाऊल म्हंजे आमचंच पाऊल. परकं कुनी येत न्हाई म्हंजे वाट सपली. वहिवाट तुमीच शिकिवली न्हवं मला?"

शिकवली होती. मी म्हणालो, "सोमवारी बग आन् मग बोल."

सोमवारी उजाडायच्या वेळी मी सायकल बाहेर काढली. मला सायकल येत नाही. येत नाही म्हणजे शिकलो नाही. गरज पडली नाही. मी ती हातानं धरून चालवत नेली. बांधावरून, करंजाखालून, पुतण्याच्या रानातून, सडकेपर्यंत. सडकेवर खांद्यावर घेतली. कुणी बघत नव्हतं, ढकलली असती तरी चाललं असतं. नाही ढकलली. तळ्यावर जाऊन परत आलो. करंजाखाली जरा उभा राहिलो. कुणी नव्हतं.

पुतण्या आला. "डायवर आला हुता काय?"

"रेघ दिसतीया न्हवं?"

"दिसतीया."

मी खोटं बोलत नाही. तेव्हाही बोललो नाही.

असे बरेच सोमवार गेले. मग एकदा तो कुंपणाचे खांब टाकत होता आणि मी मेंढरं घेऊन चाललो होतो. मान वर न करता म्हणाला, "आबा, रेघंच्या शेजारी पायतान तुमचं हाय. डाव्या टाचंचा खिळा उमाटतोय."

तोही मेंढक्याचाच पोर. मी मेंढरं आवरली. त्यानं पहारीनं पुढचा खड्डा घेतला.

"आन् पुढल्या बारीला हँडल जरा नीट धरा," म्हणाला. "लय वाकडी येतीया."

बाग झाली. कुंपण झालं. पण ते वाटेच्या दोन्ही अंगांनी दोन झालं आणि मधे एक माणूस आणि एक सायकल जाईल एवढी पट्टी राहिली. तारेचा दुप्पट खर्च का केला, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही एकाच रक्ताचे.

डायवरचा कधीमधी फोन येतो. चौथ्या मजल्यावर राहतो. खाली उतरलं की फरशी, फरशी संपली की डांबर, डांबर संपतच नाही. "पाय कुठं टेकवावा कळत न्हाई," म्हणतो. येणार आहे म्हणतो. पोरगा आणणार आहे, दिवाळीनंतर, थंडी सरल्यावर, डॉक्टर म्हणाले की. मग दरवेळी विचारतो, "वाट हाय का?" मी म्हणतो, "हाय."

परवा त्यानं निराळंच विचारलं. आवाज बारीक झाला आहे, कान लावून ऐकावं लागतं.

"रेघ हाय का, आबा?"

मी म्हणालो, "हाय."

"सरळ का वाकडी?"

"वाकडी."

पलीकडं मागं कुठल्यातरी खोलीत भांडी वाजत होती. मी फोन कानाला आणखी दाबला.

"शेजारी पावलं हायत?" त्यानं विचारलं.

"हायत."

"जवळजवळ पडत्यात?"

"चढाला. एरवी न्हाई."

"मग कुनीतरी म्हातारं जात आसंल," डायवर म्हणाला. "त्याला म्हनावं, वळणाला हात दावत जा."

उद्या सोमवार आहे. सायकल दाराशी काढून ठेवली आहे. चाक अंगठ्यानं दाबून बघितलं. ढिलं आहे. राहू दे.